टाइप १ की टाइप २? रक्त द्यायच्या आधी एवढं वाचा

नोएडा असो, गुरुग्राम असो की द्वारका, फोन केला की माणूस दारात येऊन रक्त घेऊन जातो. संध्याकाळी अहवाल मोबाइलवर येतो. सोय चांगलीच आहे. पण त्यामुळे घराघरांत एक नवी घाई शिरली आहे. मुलाला किंवा तिशीतल्या सुनेला शुगर निघाली, की कुणीतरी नातेवाईक इंटरनेटवर वाचून सांगतो, "प्रतिकारशक्तीच्या पेशींची तपासणी करा, म्हणजे नक्की कळेल." ही तपासणी आज तुमच्या किती कामाची, आणि तिच्या आधी काय करायचं, तेवढं सांगतो.

आधी तातडीचं.

मूल सारखं पाणी पितंय. रात्री दोन-तीनदा लघवीला उठतंय. गादी ओली करायची सवय सुटलेली होती, ती परत आली. भरपूर खाऊनही वाळत चाललंय. असं दिसलं, की त्याच दिवशी बोटाला टोचून शुगर बघा. गल्लीतल्या दवाखान्यातही हे होतं. उद्या सकाळी उपाशीपोटी करू, असं म्हणू नका. ही लक्षणं आहेत आणि शुगर २०० किंवा त्याच्या वर आली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

उलट्या, पोटदुखी, खोल आणि भराभर श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी, यातलं काही दिसलं तर घरी थांबूच नका. थेट तातडीच्या विभागात जा.

दिल्लीत हे पुन्हा सांगावं लागतं. मे महिन्यात तहान सगळ्यांनाच लागते. नोव्हेंबरात धाप सगळ्यांनाच लागते. त्यामुळे "ऊन आहे", "हवा खराब आहे" असं म्हणत इथे दोन-चार दिवस सहज जातात. टाइप १ मध्ये तेवढ्या दिवसांत मूल अतिदक्षता विभागात पोचू शकतं.

आता त्या तपासणीकडे येऊ.

टाइप १ मधुमेहात आपल्याच रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी स्वादुपिंडावर उलटतात. त्यांना टी-पेशी म्हणतात. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्या हळूहळू मारून टाकतात. या भानगडीत रक्तात अँटिबॉडी तयार होतात. नेहमीची तपासणी या अँटिबॉडी शोधते. मग थेट त्या टी-पेशीच का शोधू नयेत? प्रश्न रास्त आहे, आणि शास्त्रज्ञ कित्येक वर्षं त्याच्यामागे आहेत.

अडचण अशी, की या पेशी रक्तात फारच थोड्या सापडतात. त्यांचं काम चालतं स्वादुपिंडात. शिवाय तशाच काही पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही असतात. नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पेशी जिवंत आणि धडधाकट राहाव्या लागतात. एकाच रक्ताचे निकाल दोन प्रयोगशाळांत वेगळे येऊ शकतात. म्हणून ही तपासणी अजून संशोधनातच आहे. तिच्यावरून तुमचं औषध ठरत नाही.

आणि हो, "इम्युनिटी पॅकेज" म्हणून जे विकलं जातं, ते हे नव्हेच. त्यात बहुतेक वेळा पांढऱ्या पेशींची मोजदाद असते. त्यावरून मधुमेहाचा प्रकार कळत नाही. ते पैसे वाचवा, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांना लागतील.

मग करायचं काय? डॉक्टरांना विचारा, "गॅड अँटिबॉडी करायची का?" बहुधा सुरुवात तिथूनच होते. गरज पडली तर आणखी एक-दोन अँटिबॉडी बघतात. इन्सुलिन सुरू होऊन दोन आठवडे उलटले असतील, तर इन्सुलिनविरोधी अँटिबॉडीवर खर्च करू नका. टोचलेल्या इन्सुलिनमुळेही ती वाढते.

अँटिबॉडी "निगेटिव्ह" आली म्हणून टाइप १ नाही, असं धरू नका. आपल्याकडे टाइप १ असलेल्या बऱ्याच मुलांत ती सापडत नाही. मूल वाळलेलं आहे, रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की साचणारी आम्लं) वाढलेत, तर अहवाल यायच्या आधीच इन्सुलिन सुरू होतं, आणि तेच बरोबर आहे. अहवाल बघून काकांनी किंवा शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून इन्सुलिन बंद करायचं नाही. एक दिवससुद्धा नाही.

दुसरी तपासणी सी-पेप्टाइड. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय, हे तिच्यातून कळतं. पण सुरुवातीला ती फसवते. शुगर फार चढलेली असेल तर कोणाचीही कमी येऊ शकते. उलट टाइप १ च्या पहिल्या काही वर्षांत थोडं इन्सुलिन बनत असतं, तेव्हा ती बरी येते. आजार तीनेक वर्षांचा झाल्यावर ती जास्त बोलकी होते. नमुना देताना त्याच वेळची शुगरही मोजून घ्या.

हे सगळं मोठ्यांनाही लागू आहे. पस्तिशीचा सडपातळ माणूस, घरात कुणाला शुगर नाही, गोळ्या वाढवूनही आकडा उतरत नाही. त्याच्यावर "टाइप २" हा शिक्का वर्षानुवर्षं तसाच राहतो. लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आता स्वस्त झाल्यात आणि सर्रास दिल्या जातात. टाइप १ असलेल्या माणसाला त्यांनी कीटोन वाढून जिवावरचं दुखणं होऊ शकतं, तेही शुगर फारशी चढलेली नसताना. म्हणून प्रकार नक्की करून घ्या. भारतात स्वादुपिंडात खडे होऊनही मधुमेह होतो. वारंवार पोट दुखत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

अशा तपासण्यांसाठी आपल्या लोकांवरचा अभ्यास का लागतो, याचं उदाहरण पुण्याचं आहे. केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडमधलं एक्सेटर विद्यापीठ यांनी मिळून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. टाइप १ ओळखायची जनुकीय मोजपट्टी युरोपातल्या लोकांवरून बनलेली होती. ती भारतीयांनाही उपयोगी पडली, पण तितकी नेमकी नाही. टी-पेशींची तपासणी उद्या तयार झाली, तरी तीही आधी इथल्या रक्तावर पारखून घ्यावी लागेल.

आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था २००६ पासून कोवळ्या वयात मधुमेह झालेल्यांची नोंद ठेवते. दिल्लीचं एम्स त्या कामात आहे. अशा एखाद्या मोठ्या रुग्णालयात तुम्हाला कुणी विचारलं, "अभ्यासासाठी थोडं जास्त रक्त द्याल का?" तर घाबरू नका, आणि घाईही करू नका. हे उपचारासाठी की अभ्यासासाठी, हे स्पष्ट विचारा. किती रक्त घेणार? अहवाल आम्हाला मिळणार का? नाही म्हटलं तर उपचारात फरक पडेल का? पडता कामा नये. अभ्यासासाठीच्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. मूल सात वर्षांच्या पुढचं असेल तर त्यालाही समजेल असं सांगून त्याचा होकार घ्यायचा असतो. फॉर्म हिंदीत मागा, आणि पटलं तर सही करून त्याची एक प्रत घरी आणा.