शंभर क्विंटल सोयाबीन आणि नर्सिंगची एक जागा

मा. संपादक,


बारावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकात नर्सिंग कॉलेजांच्या पानभर जाहिराती सुरू होतात. ‘शंभर टक्के नोकरी’, ‘जर्मनीत संधी’, ‘मर्यादित जागा’. सोबतच्या पुरवणीत पालकांना सांगितलं जातं की मुलीच्या शिक्षणाचा पैसा हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली अधिपरिचारिका. निकालानंतर गावातले आईबाप मुलींना घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून लिहिते.

गुंतवणूकच म्हणायची तर हिशेब मांडू. खासगी बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं. फी, होस्टेल, मेस, युनिफॉर्म, बस मिळून पाच लाख धरा. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. म्हणजे शंभर क्विंटलच्या वर माल झाला, तोही हमीभाव हातात पडला तर. त्या हंगामात बाजार समितीत काय भाव मिळाला ते आपणच छापलं आहे. कोरडवाहू एकरात पाच-सहा क्विंटल पिकवणाऱ्याने हे गणित स्वतःच पुरं करावं. आता कर्ज. चार लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, हे खरं. पण दहा टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ६,६४० रुपये हप्ता, आणि शिकत असतानाचं व्याज वेगळं. आमच्या भागातल्या लहान खासगी दवाखान्यात नव्या सिस्टरला दहा-बारा हजार मिळाले तर पुष्कळ. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही वीस हजारांखाली पगार नको, अशी शिफारस केली होती. ती कागदावर आहे.

सरकारी अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४००पासून सुरू होतं. त्या भरतीला बीएस्सीवाली बसते तशी तीन वर्षांचं जीएनएम केलेलीही बसते. परीक्षा एक, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी एक. कॉलेजची इमारत किती मजली होती हे तिथे कोणी विचारत नाही.

तरीही खासगी कॉलेज नकोच, असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा निराळा आहे. महाग पडतं ते बहुतेक वेळा कॉलेज नव्हे, मागच्या दाराने घेतलेला प्रवेश. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, खासगी विनाअनुदानित कॉलेजातही. अट एवढीच की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहेच. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोघींपैकी एकीचा बाप होस्टेल-मेसपुरता पैसा भरतो आणि दुसरीचा वावर गहाण टाकतो. दोघींत फरक काय, तर पहिलीने कॅपसाठी लागणाऱ्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा फॉर्म वेळेवर भरला. तो बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो. आपल्या जाहिराती निकालानंतर येतात, तोवर तारीख गेलेली असते. मग उरतो तो कोटा आणि ‘सीट बुक करा, पन्नास हजार आजच भरा’ म्हणणारा एजंट.

अशा वेळी मी म्हणते, वर्षभर थांबा. सीईटी द्या, नाहीतर सरकारी जीएनएमसाठी अर्ज करा. यावर एका आईने दिलेलं उत्तर मला खोडता आलं नाही: “सिस्टर, साल वाया गेलं त घरचे पोरगा पाहाले लागतीन.” पुष्कळ घरांतून ही फी नर्सिंगसाठी भरलीच जात नाही, चार वर्षं लग्न पुढे ढकलण्यासाठी भरली जाते. त्या आईला मी दोष देणार नाही. पण त्यासाठी पाच लाखच लागतात असं नाही. थांबलेल्या त्या वर्षात पोरीला इंग्रजी शिकवा. आमच्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आलं, त्याचा अभिमान आहेच; पण मराठी माध्यमातली हुशार पोरगी पहिल्या वर्षी अडकते ती ॲनाटॉमीच्या इंग्रजी पुस्तकात. थांबलेलं वर्ष तिथे कामी येतं.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा लॅबमधला पुतळा पाहून परत फिरू नका. त्यांचं स्वतःचं रुग्णालय कुठे आहे ते विचारा आणि साध्या दिवशी सकाळी न सांगता तिथे जा. किती खाटांवर खरोखर पेशंट आहेत? इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असा आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, बाळंतपणं स्वतः किती केलीस आणि केस बुकात किती नकलून काढलीस. लाजून हसली तर समजा. कितीतरी खासगी कॉलेजांच्या पोरी क्लिनिकल पोस्टिंगसाठी शेवटी सरकारी दवाखान्यातच येतात. एका वॉर्डात तीन कॉलेजांच्या मुली आणि सलाईन लावायला एक हात, अशी गर्दी मी पाहिली आहे. अमरावतीच्या इर्विन किंवा डफरीनसारख्या सरकारी रुग्णालयातच शिकायचं, तर मधल्या इमारतीचे पैसे कशाचे?

वरूड ओलांडलं की मध्य प्रदेश. तिथल्या स्वस्त जागांची पत्रकंही इकडे येतात. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने तिथली तीनशेहून अधिक नर्सिंग कॉलेजं तपासली, तेव्हा अनेक ठिकाणी मूलभूत सोयीच नव्हत्या. पुढे मे २०२४ मध्ये तपासातलेच अधिकारी लाचेच्या प्रकरणात पकडले गेले आणि चांगली ठरवलेली कॉलेजंही पुन्हा तपासावी लागली. या सगळ्यात तिथल्या मुलींच्या परीक्षा रखडल्या, त्याची भरपाई कोण देणार?

जर्मनीचं म्हणाल तर २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी केलेला करार खरा आहे. पण तिथे जायला जर्मन भाषा यावी लागते, आणि ती कॉलेजच्या फीमध्ये येत नाही.

आपल्याकडे एक मागणी आहे. राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजची मंजूर फी जाहीर करतं. त्याहून जास्त घेणं म्हणजे कॅपिटेशन फी, आणि तिला १९८७च्या कायद्याने बंदी आहे. नर्सिंग कॉलेजची जाहिरात घेताना ती मंजूर फी, स्वतःच्या रुग्णालयाच्या खाटा आणि कॅपच्या जागा एवढ्या तीन ओळी जाहिरातीतच छापायला लावा. सीईटीच्या फॉर्मची तारीखही जानेवारीपासून पहिल्या पानावर येऊ द्या. जाहिरातीचं उत्पन्न थोडं घटेल, याची मला कल्पना आहे.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका
रिद्धपूर, ता. मोर्शी, जि. अमरावती