मनाईचा कागद निघतो, वाट कोण राखतं?

पावसाळा लागला की आमच्या अकोले तालुक्यात दोन गोष्टी ठरलेल्या. शनिवार-रविवार भंडारदऱ्याकडे गाड्यांच्या रांगा लागणार आणि डोंगरात कुणी घसरलं, अडकलं, वाहून गेलं की मनाई आदेशाचा कागद व्हॉट्सॲपवर फिरणार. आधी तो कलम १४४ चा असायचा. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, आता तो कलम १६३ चा असतो. कलम बदललं, कागद तोच.

या दोन्हींच्या मधे एक तिसरी गोष्ट घडते, तिची बातमी होत नाही. पायथ्याच्या वाड्यांतली दहा-बारा पोरं आणि नाशिक-पुण्याकडून येणारे मोजके ट्रेकर पहार, टिकाव, घमेलं घेऊन भर पावसात वाटेवर काम करत असतात. मजुरी नाही, फोटोत मंत्री नाही.

लोक विचारतात, हे काम उन्हाळ्यात करा ना, पावसात कशाला मरायला जाता? करतातच उन्हाळ्यात. दगड बसवणं, पायऱ्या नीट करणं मे महिन्यातच होतं. पण डोंगरातल्या वाटेचा खरा शत्रू पाणी. पाणी सोपा उतार शोधतं आणि हजारो बुटांनी खोल केलेली पायवाट त्याला आयतीच मिळते. दोन-चार मोठ्या सरींत वाटेचा ओहोळ होतो, माती जाते, सुटे दगड उरतात. उपाय जुना आहे. ठरावीक अंतरावर वाटेला तिरका चर काढायचा, खालच्या अंगाला दगड रोवायचे आणि पाणी बाजूला उतरवायचं. पण हा चर पाल्यापाचोळ्याने, गाळाने तुंबतो. तुंबला की पाणी पुन्हा वाटेवर. तो पावसातच मोकळा करावा लागतो, कारण पाणी कुठून फुटतंय ते पावसातच दिसतं. शेतकऱ्याच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. भातखाचराचा बांध फुटला तर तो पाऊस थांबायची वाट बघत बसत नाही.

आता मुद्द्यावर येतो.

कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. १९८६ पासून हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. अभयारण्यात कुणीही उठून पहार चालवू नये, हा नियम बरोबरच आहे. मग ज्यांना नियमात राहून काम करायचंय त्यांच्यासाठी दार कुठाय? गेल्या वर्षी इथल्या एका गटाने एप्रिलमध्ये एका कार्यालयात रीतसर अर्ज दिला. जुलै उजाडला तरी उत्तर नाही. मी स्वतः दोनदा जाऊन विचारलं. ‘साहेब मीटिंगला गेलेत.’ शेवटी पोरांनी तोंडी सांगून काम उरकलं. म्हणजे चांगलं काम करायचं आणि वर गुन्हेगारासारखं चोरून करायचं!

आणि त्यात कुणाचा पाय मोडला तर? मी ज्या पोरांशी बोललो त्यातल्या एकाकडेही विमा नव्हता. दवाखान्याचं बिल घरच्यांनी भरायचं आणि गावाने म्हणायचं, ‘कुणी सांगितलं होतं जायला?’

गडांच्या पायथ्याला पावती फाडतात. माझा पावतीला विरोध नाही, त्यातून गावातल्या पोरांना काम मिळतं. पण पावती घेणाऱ्याला विचारायचा हक्क आहे की नाही, यातले किती रुपये वाटेवर खर्च झाले? हा आकडा पावती फाडतात तिथेच फलकावर लिहा. चार ओळींचा फलक.

काही शहाणे म्हणतात, वाटा नीट केल्या की गर्दी वाढेल, त्यापेक्षा बंदच करा. त्यांना मी इर्शाळवाडीची आठवण देतो. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यातल्या या वाडीवर दरड कोसळली. वर जायला रस्ता नव्हता, होती ती चिखलाची पायवाट. पोकलेन पोचू शकले नाहीत, माणसांनी हाताने ढिगारे उपसले. नवी मुंबई अग्निशमन दलातले एक अधिकारी ती चढण चढतानाच हृदयविकाराने गेले. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबवावा लागला. वाट चांगली असती तर दरड कोसळली नसती, असं मी म्हणत नाही. पण डोंगरातली पायवाट म्हणजे पुण्या-मुंबईच्या पोरांची हौस, हा गैरसमज सोडा. तीच वाट बाळंतिणीची, शाळकरी पोरांची आणि नवरात्रात कळसूबाईला जाणाऱ्या म्हातारीची असते. अडीअडचणीला मदत तिथूनच वर चढते. मनाईचा कागद लावून ती बंद होत नाही, फक्त बेवारस होते.

दुसरं टोक ठेकेदारांचं. वाट म्हटलं की यांना सिमेंट दिसतं. सिमेंटच्या पायरीवर शेवाळ धरलं की ती दगडापेक्षा वाईट, आणि खालची माती गेली की आख्खा तुकडा निखळतो. जिथे कातळ उभा आहे तिथे शिड्या-रेलिंग हवेतच. ते हलतंय का, गंजलंय का, हे दर वर्षी जूनच्या आधी तपासा. बाकी ठिकाणी दगड, चर आणि माणसाचा हात पुरतो.

आता आपल्या लोकांनाही दोन शब्द, राग आला तरी चालेल. रेड अलर्ट म्हणजे २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाचा इशारा. त्या दिवशी डोंगरात कुणीही जायचं नाही, सेवेसाठीसुद्धा नाही. वाऱ्यात, धुक्यात, विजांत पहार घेऊन उभं राहणं ही बहादुरी नव्हे. तुम्ही अडकलात तर तुम्हाला काढायला दुसऱ्याचं पोर जाणार. आणि काम कमी, रील जास्त, एका चराला चाळीस टी-शर्ट, हेही बंद करा. वाटेला हात लागतात, कॅमेरे लागत नाहीत.

मागण्या साध्या आहेत:

१. वाटेच्या कामाच्या अर्जावर १५ दिवसांत लेखी उत्तर. हो किंवा नाही.
२. नोंदणी केलेल्या स्वयंसेवकांना अपघात विमा आणि ओळखपत्र.
३. पावतीच्या पैशातला ठरलेला वाटा वाटेसाठी, हिशेब फलकावर.
४. पावसाळ्याचे चार महिने पायथ्याच्या गावातली माणसं रोजावर. फुकटच्या सेवेवर सरकारने किती दिवस जगायचं?
५. बंदी घालायची तर वाटेनुसार आणि अलर्टनुसार घाला. सरसकट नको.

यात कोटींची योजना नाही, म्हणून कुणाला रस नसेल हे मला माहीत आहे. तरीही ही पोस्ट आपल्या ग्रामपंचायत सदस्याला, आमदारांच्या माणसाला पाठवा. ग्रामसभेत यातली एक मागणी तरी इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी बोललेलं आमच्याकडे वाऱ्यावर जातं, कागदावरचं निदान माहिती अधिकारात मागता येतं. मागायला मी आहेच.