झाकण उघडू द्या

चंदनसारच्या एका विद्यार्थ्याने या आठवड्यात कॉलेजच्या दुर्बिणीतून टिपलेला फोटो मला दाखवला. एका चतुर्थांशात ठसठशीत तारा आणि उरलेल्या तिन्हींत, आरशात दिसावेत तशा जागी, काळपट ठिपके. कॅमेरा विकणाऱ्याने सांगितलं, सॉफ्टवेअरने पुसून टाका. या उत्तराची मला चीड आली.

गरम पिक्सेल, म्हणजे सतत उजळ दिसणारे सदोष पिक्सेल, आपापल्या जागी बसून राहतात. हे डाग मात्र ताऱ्यामागे फिरतात. हा क्रॉसटॉक, म्हणजे एका वाहिनीतला सिग्नल दुसरीत झिरपणं. या कॅमेऱ्यातल्या सीसीडीचे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचे, चार भाग आपापल्या वाहिनीतून चार कोपऱ्यांकडे एकाच वेळी वाचले जातात. तेजस्वी पिक्सेल एका वाहिनीतून जातो त्याच क्षणी बाकी तिन्हींतून त्याच क्रमांकाचे पिक्सेल जात असतात, म्हणून डाग आरशातल्या जागी पडतो. चाळीत सगळ्यांना एकच पाइप असला की खालच्याने नळ सोडताच वरच्याची धार बारीक होते. सर्किटच्या सामायिक ग्राउंडवर तसंच घडू शकतं, आणि मग डाग काळा पडतो. ६०,००० मोजणीच्या ताऱ्याचा दहा हजारावा भाग झिरपला, तरी ६ मोजण्या झाल्या. अंधूक दीर्घिका मोजणाऱ्याला तेवढा फरकही चुकीच्या निष्कर्षावर नेऊ शकतो.

हबल अवकाश दुर्बिणीच्या एसीएस कॅमेऱ्यातही असे काळे डाग सापडले होते. रुबिन वेधशाळेच्या कॅमेऱ्यात १८९ सीसीडी आहेत आणि प्रत्येकाच्या १६ वाहिन्या. तिथे उपग्रहाच्या एका तेजस्वी रेघेला समांतर अशा फिक्या रेघा उमटण्याची चिंता संशोधकांना आधीपासून होती. म्हणजे दोष मोठमोठ्यांकडेही असतो. माझा राग तो शोधायची वाट बंद करण्यावर आहे.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने घडवलेला आयडीसॅक हा सीसीडी नियंत्रक कॉलेजच्या या सीलबंद कॅमेऱ्याशेजारी ठेवून पाहा. त्याचं एक कार्ड चार वाहिन्यांचा सीसीडी सांभाळतं, दर वाहिनीला सेकंदाला ५ लाख पिक्सेल, १६ बिटांत. सगळी कार्डं सारखी, एक काढून तिथे दुसरं बसवता येतं आणि त्यासाठी नव्याने काही जुळवावं लागत नाही. ही सोय दुरुस्तीसाठी असेल, पण माझ्या लेखी ते निदानाचं साधन आहे. कार्ड बदलल्यावर डाग बदलला तर संशय कार्डावर. तस्साच राहिला तर केबल, जोडणी किंवा खुद्द सीसीडी तपासायचा. पाच मिनिटांत निम्म्या शक्यता बाद! बंद डब्याच्या मालकाला हा प्रयोगच करता येत नाही. वॉरंटीची चिकटपट्टी फोडली की हमी संपते. आपल्या कॉलेजांतली अर्धी उपकरणं अशा चिकटपट्ट्यांमुळेच अडगळीत पडतात, असं माझं मत आहे. आकडे माझ्याकडे नाहीत, पण डोळ्यांनी पुष्कळ पाहिलं आहे.

शिवाय कार्ड बदलायची मुभा कायम असतेच असं नाही. आयुकाची सूट ही सूर्य पाहणारी दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ ला आदित्य-एल१ यानाबरोबर अवकाशात गेली. ती आता पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. तिथे स्क्रूड्रायव्हर घेऊन कोण जाणार? जे तपासायचं ते जमिनीवरच.

सीलबंद कॅमेरा असलेल्या कॉलेजच्या मुलांनाही झाकण न उघडता बरंच करता येईल. कॅमेऱ्यात सोय असेल तर आधी पूर्ण फोटो एकाच कोपऱ्यातून वाचावा. वेळ चौपट लागेल, पण डाग गेले तर दोष भिंगातल्या परावर्तनाचा नाही, वाहिन्यांचा आहे हे पक्कं. मग चारही वाहिन्या चालू ठेवून प्रकाशाचा एकच ठिपका आळीपाळीने प्रत्येक भागात पाडावा आणि उरलेल्या तिन्हींत काय उमटतं ते मोजावं. बारा आकडे मिळतील. प्रकाश पायरीपायरीने वाढवावा. डाग त्याच प्रमाणात वाढला तर वजाबाकी चालेल. तारा संपृक्त झाल्यावरच उसळला तर वजाबाकीने नवी चूक होईल. वाचनाचा वेग कमी केल्यावर डाग फिका झाला तर शेजारच्या तारांमधली गळती आधी तपासावी, नाही झाला तर ग्राउंड.

हे बारा आकडे खरं तर विकणाऱ्याने कॅमेऱ्यासोबतच द्यायला हवेत. पुढच्या खरेदीच्या निविदेत कॉलेजांनी ते मागावेत, एका वाहिनीतून वाचायची सोय आणि सर्किटचा नकाशाही मागावा, आणि जो देणार नाही त्याची निविदा बाजूला ठेवावी.

— मापारी