घागरीची घडणावळ कोण देणार?

आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली आणि साक्रीच्या बाजारात दरवर्षीचे वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागले : "मातीला एवढे पैसे?" घागरीने शंभरी गाठली म्हणून या आठवड्यात जो तो कुंभाराला दोष देतो आहे. पितरांच्या नावाने भरायची, वर खरबूज ठेवायचे, सांजोऱ्या आणि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा, अशा मानाच्या घागरीसाठी वीस रुपयांची घासाघीस चालते. आखाजी हा सोनेखरेदीचाही मुहूर्त. 2025 च्या आखाजीआधीच्या आठवड्यात सोने तोळ्याला लाखापर्यंत गेले, तरी सराफाच्या दुकानात कोणी असा आवाज चढवला नाही. सोन्याच्या पावतीवर घडणावळ वेगळी लिहिलेली असते आणि ती आपण निमूट देतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी सोनगीर खानदेशात ओळखले जाते. ती भांडी घेतानाही धातूचे वजन वेगळे आणि घडणावळ वेगळी, हे आपल्याला मान्य असते. मग घागरीच्या वेळीच फक्त मातीचा भाव का काढायचा? घागरीत विकत घ्यायची वस्तू मुळात घडणावळ हीच आहे. कुंभार मातीचे पैसे मागत नाही, दिवसांचे मागतो.

त्या दिवसाची किंमत ठरवण्यासाठी कुंभाराच्या शब्दावर विसंबण्याचीही गरज नाही, सरकारचेच आकडे पुरेसे आहेत. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात 2019-20 मध्ये दिवसाला 206 रुपये मजुरी होती, 2025-26 साठी ती 312 रुपये झाली. सहा वर्षांत दीडपट. ही अकुशल कामाची मजुरी आहे, खड्डा खणण्याची आणि माती वाहण्याची. आता कुशल कामाचे पाहू. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत कुंभारकाम आहे आणि प्रशिक्षणाला बसलेल्या कारागिराला दिवसाला 500 रुपये विद्यावेतन मिळते. म्हणजे वर्गात शिकत बसलेल्या कुंभाराचा दिवस सरकारने 500 रुपयांचा धरला. तोच कुंभार घरी येऊन चाक फिरवू लागला की त्याचा दिवस आपण मजुराच्या दिवसाइतकाही धरायला तयार नसतो. सहा वर्षांपूर्वी जी घागर सत्तर रुपयांना घेतली असेल, ती आज एकशे पाचला मिळाली तरी कुंभाराची कमाई मजुराच्या तुलनेत जागच्या जागीच आहे. याला महागाई म्हणायचे कसे?

हिशेब मांडून पाहू. समजा, शंभर घागरींचा एक आवा, म्हणजे भट्टी, लावायचा आहे आणि घरातली दोन माणसे त्यासाठी आठ दिवस राबतात. माती आणायची, चाळायची, राख किंवा लीद घालून तुडवायची, मग चाकावर घ्यायची. चाकावर सगळी घागर होत नाही, तिथे गळा आणि वरचा आकार येतो. खरे काम त्यानंतर असते. अर्धवट सुकलेल्या घागरीत एका हाताने दगडाचा गोटा धरायचा आणि दुसऱ्या हाताने बाहेरून लाकडी थापीने थापटत थापटत बूड मिटवायचे, भिंत सारखी पातळ करायची. एका जागी थाप जास्त पडली की चीर जाते, आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही, आव्यातच कळते. शंभरातल्या दहा घागरी फुटल्या असे धरू. सोळा माणूसदिवसांचे 312 प्रमाणे 4,992 रुपये, भागिले नव्वद : घागरीमागे साधारण 55 रुपये नुसती मजुरी, तीही खड्डे खणण्याच्या दराने. विश्वकर्मा योजनेचा 500 चा दर लावला तर 89 रुपये. यात लाकूड, गोवऱ्या, वाहतूक, वाटेतली फूटतूट आणि बाजारात दिवसभर उन्हात बसणे धरलेलेच नाही. वर अवकाळीची एक सर आली की सुकायला ठेवलेला सगळा माल पुन्हा चिखल. शंभर रुपयांत यातले काय काय बसते, ते घासाघीस करणाऱ्यांनीच सांगावे.

माती तर फुकटच असते, असे यावर म्हटले जाते. पारंपरिक कुंभाराला ठरावीक मर्यादेपर्यंत मातीवरचे स्वामित्वधन माफ आहे, हे खरे. पण माफी सरकारी शुल्काची आहे, ट्रॅक्टरच्या भाड्याची नाही, की डिझेलची नाही. दुसरा मुद्दा बाहेरच्या मालाचा. साक्री सुरत महामार्गावर आहे, परराज्यातले साच्यातले माठ ट्रकने येतात, ते स्वस्त पडतात, तेव्हा इथल्या कुंभारानेही भाव उतरवावा, असा हा युक्तिवाद. साच्यातून निघालेल्या मालाशी हाताच्या कामाने भावात स्पर्धा करायची तर ती एकाच ठिकाणी कापून करता येते, स्वतःच्या जेवणात. ज्याला साच्यातला माठ हवा त्याने तो जरूर घ्यावा. हाताने थापलेली घागर साच्याच्या भावात मागू नये. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. आपला तालुका आदिवासी आणि शेतमजुरांचा, त्यांना शंभर रुपये जड जातात. जातात, हे मान्य करूनही म्हणावे लागते की गरिबाला स्वस्त घागर देण्याची जबाबदारी त्याच्याइतक्याच गरीब कुंभारावर टाकणे हा न्याय नव्हे. आणि घासाघीस सर्वांत जोरात चालते ती दुचाकीवरून न उतरता भाव विचारणाऱ्यांची, मजुराची नव्हे. जे घागरीचे तेच टोपली, सूप आणि केरसुणीचे.

कारागिरांनीही एक गोष्ट करायला हवी. भाव विचारला की मोघम आकडा सांगायचा आणि समोरच्याने तोंड वाकडे केले की लगेच उतरायचे, ही सवय सोडावी. एका पाटीवर लाकूड-वाहतूक इतके, मजुरी इतकी, असे लिहून ठेवावे. सगळ्या विक्रेत्यांनी मिळून मजुरीचा तळ ठरवावा आणि त्याखाली कोणीही उतरू नये. मजुरीचा आकडा समोर लिहिलेला असला की त्यातून वीस रुपये कापा म्हणायला माणसाची जीभ सहज रेटत नाही.

मातीचा विषय निघालाच आहे म्हणून प्रशासनालाही विचारतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 पासून आहे आणि गाळ शेतात जातो, ते योग्यच आहे. पण लाटीपाडा आणि मालनगाव ही धरणे आपल्याच तालुक्यात असताना, गाळ निघेल तेव्हा चार ट्रॉल्या चांगली चिकण माती कुंभारांसाठी बाजूला काढण्यात अडचण कोणती? दुसरी मागणी जागेची. पथविक्रेत्यांचा कायदा 2014 चा आहे. त्याचा उद्देश उन्हात बसलेल्या या माणसांना उपजीविकेचे संरक्षण देण्याचाच आहे. आखाजीआधीचे आठ दिवस घागरी विकणाऱ्यांना नगरपंचायतीने सावलीची जागा द्यावी आणि त्या आठ दिवसांची बाजार पावती फाडू नये. वाचकांना विनंती एवढीच, की या आखाजीला घागर वाजवून पाहा, चिरलेली असेल तर घेऊ नका, पण चांगली असेल तर सांगितलेला भाव द्या.

आपला,
एक वाचक
साक्री, जि. धुळे