फॉर्म कोण बनवते?

बायकांना संगणक शिकवायचा म्हणजे टायपिंग आणि माहिती भरणे शिकवायचे, ही समजूत आपल्या संस्थांमध्येही मुरलेली आहे. शिवणयंत्राच्या जागी संगणक आला, एवढाच फरक. माझे म्हणणे असे की, फॉर्म भरण्याबरोबर तो बनवायलाही आपण शिकले पाहिजे.

कारण फॉर्म निःपक्षपाती नसतो. ‘पतीचे नाव’ हा रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडतच नसेल, तर परित्यक्तेने तिथे काय लिहायचे? अविवाहितेने काय लिहायचे? खिडकीवरून उत्तर येते, ‘संगणक घेत नाही.’ पण तो रकाना संगणकाने सक्तीचा केलेला नसतो, माणसाने केलेला असतो.

जँगोचे उदाहरण घेऊ. वेबसाइट आणि नोंदपद्धती बांधण्यासाठीची ही तयार चौकट. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्रात २००३ साली तिची सुरुवात झाली आणि २००५ साली ती सर्वांसाठी खुली झाली. कोणीही ती फुकट वापरावी, उघडून पाहावी, बदलावी. जँगोमध्ये नावाचा रकाना लिहिला की तो आपोआप सक्तीचा होतो. रिकामा चालेल, असे हवे असेल तर तसे मुद्दाम लिहावे लागते. आणखी एक गोष्ट. एक नोंद दुसरीला जोडलेली असेल, तर मूळ नोंद पुसल्यावर जोडलेलीचे काय करायचे, हे २०१७ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून लिहिणाऱ्याला सांगावेच लागते. कुटुंबप्रमुखाची नोंद पुसली तर त्याला जोडलेल्या बायकोचीही पुसायची का? हा प्रश्न निव्वळ तांत्रिक आहे, असे कोण म्हणेल?

‘बायकांना हे जमेल का?’ असे विचारणाऱ्यांना इतिहास सांगावा. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनियाक या अमेरिकन संगणकाची आज्ञावली बसवणाऱ्या सहाजणी बायकाच होत्या. कामाला पैसा आणि प्रतिष्ठा आली, तसा तिथे पुरुषांचा भरणा झाला.

शिकवण्याची वाटही काहीजणींनी पाडून ठेवली आहे. ओला सितार्स्का आणि ओला सेंडेत्स्का या दोघींनी २०१४ साली बर्लिनमध्ये ‘जँगो गर्ल्स’चे पहिले शिबिर घेतले. प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या बायकांसाठी एक दिवसाचे मोफत शिबिर, साधारण तिघींमागे एक मार्गदर्शक, आणि दिवसाअखेर प्रत्येकीच्या हातचे लहानसे संकेतस्थळ. तिथली पाठ्यपुस्तिकाही खुली आहे आणि अनेक भाषांत आहे.

तरीही एका दिवसाच्या शिबिरावर समाधान मानू नये, असे मला वाटते. एका दिवसात भीती जाते, कसब येत नाही. कसबाला रोजचा सराव लागतो, आणि खुल्या सॉफ्टवेअरचे जग बरेचसे फावल्या वेळावर चालते. हा फावला वेळ कोणाकडे असतो? संध्याकाळी ज्याच्या हातात आयते ताट येते त्याच्याकडे. जिला पाणी भरायचे आहे, पोरांचे आणि सासूचे पाहायचे आहे, तिच्यासाठी सॉफ्टवेअर फुकट असले तरी वेळ फुकट नाही.

म्हणून संघटनांनी हे प्रशिक्षण घ्यायचे ठरवले, तर निदान सहा महिने, आठवड्यातून दोन दुपारी गट भरावा. पाळणाघर आणि प्रवासखर्च संस्थेने द्यावा. सरावासाठी केंद्रातच संगणक मोकळा ठेवावा. आज्ञा इंग्रजीत लिहाव्या लागल्या तरी समजावणे, चर्चा आणि भांडण मराठीत व्हावे. सरावाला विषय आपलाच घ्यावा: केंद्राची तक्रार नोंदवही. खरी नावे मात्र त्यात घालू नयेत. पुढच्या गटाला याच गटातल्या दोघींनी शिकवावे, आणि त्यांना मानधन मिळावे. बायकांच्या श्रमाचे मोल मागणाऱ्या आपणच त्यांना फुकट राबवणे बरे नव्हे.

पहिल्याच दिवशी प्रत्येक गटाने एक प्रश्न चर्चेला घ्यावा: आपल्या नोंदवहीतला कोणता रकाना सक्तीचा असावा, आणि का? प्रोग्रामिंगचे शिक्षण तिथूनच सुरू होते.