एक शहर, दोन मजुऱ्या

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वेतनाशी निगडित दोन निर्णय अमलात आणले. न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठव्या वेतन आयोगाची रीतसर स्थापना झाली आणि २१ नोव्हेंबरपासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. राजधानीतील चर्चा मात्र पहिल्याच निर्णयाभोवती फिरत राहिली. मूळ वेतनाला कोणत्या आकड्याने गुणायचे, थकबाकी कधी मिळायची, तिजोरीवर भार किती पडायचा, याचे हिशेब मांडले गेले. परंतु वेतनाचा आकडा ठरवण्याचा अधिकार कोणाला, आणि त्या चर्चेत बसायला जागा कोणाला मिळते, हा प्रश्न त्याहून अधिक मूलभूत आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर दिल्लीपेक्षा जबलपूरकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

जबलपूर हे तोफा-दारूगोळ्याचे शहर. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आणि लष्करी वाहनांचा कारखाना १९६९ चा. या कारखान्यांतील कायम कामगाराला आज जे वेतन मिळते, ते कोणाच्या मेहेरबानीने मिळालेले नाही. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसले आणि गरजेवर आधारित किमान वेतनाचे सूत्र त्यांनी मान्य केले. प्रौढ माणसामागे रोजचे २,७०० उष्मांक, चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाचे ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिवाबत्ती असा तो साधा, पण नेमका हिशेब होता. तो सरकारने स्वतःच्या नोकरांना लागू करावा, यासाठी जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांनी संप केला आणि सप्टेंबर १९६८ मध्ये पुन्हा एक दिवसाचा संप केला. दोन्ही वेळा सरकारने वटहुकूम काढले, अटका झाल्या, नोकऱ्या गेल्या. एस. एम. जोशी यांच्यासारख्या नेत्याने संरक्षण कामगारांच्या महासंघाची धुरा वाहिली, ती याच काळात.

या संघर्षातूनच १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी राहिली. वेतन, कामाचे तास आणि रजा यांबाबत मतभेद मिटला नाही तर सक्तीच्या लवादाची तरतूद तिच्यात आहे. ही यंत्रणा निर्दोष नाही. सातव्या आयोगापुढे कर्मचारी पक्षाने किमान २६ हजार रुपये मागितले. पदरात १८ हजार पडले. जुलै २०१६ चा नियोजित संप मंत्र्यांशी झालेल्या चर्चेनंतर स्थगित झाला. पण मागणी कोणी ऐकायची, हा प्रश्न त्या कामगारापुढे नव्हता. समोरच्या बाजूला कोण बसले आहे, हे त्याला ठाऊक होते.

याच जबलपुरात दुसरी मजुरीही आहे. गेल्या शतकाच्या आरंभापासून या शहरात विडीचा धंदा वाढला आणि सागर-दमोहपर्यंत पसरला. तेंदूपत्ता, तंबाखू आणि सूत घेऊन घरच्या ओसरीवर विड्या वळणारी बाई हजारी दरावर काम करते. माल देतो तो सट्टेदार, मोजून घेतो तोही सट्टेदार आणि खराब ठरवून ‘छाट’ बाजूला काढतो तोही सट्टेदारच. पाने कमी भरली तर तूट तिच्या माथी. ज्याच्या छापाने ती विडी बाजारात जाते तो कारखानदार तिला कधी दिसतच नाही. मग तिने वाटाघाट करायची कोणाशी?

कायद्यालाही या प्रश्नाचे उत्तर सहजी सापडले नाही. सागरच्या विडी कारखान्याच्या खटल्यात १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदाराला स्वतंत्र कंत्राटदार ठरवले. तो आणि त्याची माणसे कारखान्याचे कामगार नव्हेत, असा त्याचा अर्थ झाला. पुढे नागपूरच्या एका प्रकरणात मात्र, खराब विडी नाकारण्याचा हक्क म्हणजेच मालकाचे नियंत्रण, असे त्याच न्यायालयाने मानले. अखेर १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यालाही कामगार म्हटले आणि १९७४ मध्ये न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. कागदावर तिला मालक मिळाला. त्याच्यासमोर बसण्याची खुर्ची मात्र मिळाली नाही.

संवाद नसला की काय होते, हे मध्य प्रदेशातील किमान वेतनाच्या कहाणीवरून दिसते. पाच वर्षांत एकदा फेरविचार व्हावा, असा कायद्याचा दंडक असताना २०१४ नंतरची सर्वसाधारण वाढ एप्रिल २०२४ मध्ये झाली. ही सुमारे २५ टक्क्यांची वाढ मालकांच्या संघटनेने न्यायालयात नेली. मे महिन्यात इंदूर खंडपीठाची स्थगिती आली, ती डिसेंबरमध्ये उठली. दहा वर्षे थांबलेल्या मजुराने पुन्हा वाट पाहिली. कागदावर त्रिपक्षीय मंडळ असूनही वेतनाचा निर्णय चर्चेच्या मेजावर न टिकता न्यायालयात जातो, तेव्हा त्या मंडळाच्या उपयुक्ततेविषयी शंका येणे स्वाभाविक आहे.

आता १९६६ चा कायदा नव्या संहितेत विलीन झाला आहे. औद्योगिक संबंध संहितेने ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव अधिकार दिला. तसे बहुमत नसेल तर वाटाघाट परिषदेची सोय केली. मुळात ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु हे ५१ टक्के मोजायचे कशाच्या आधारे? आस्थापनेच्या हजेरीपटाच्या. विडी वळणाऱ्या बाईचे नाव हजेरीपटावर नसते. सट्टेदाराच्या वहीत असले तर असते. म्हणजे सामूहिक सौद्याचे दार उघडले, पण उंबरठा तिच्या आवाक्याबाहेर राहिला.

हे अटळ आहे, असे कोणी म्हणू नये. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियाही घरोघरी विखुरलेल्याच होत्या. त्या संघटित झाल्या. केंद्र, राज्य आणि स्वतःचा वाटा एकत्र आणून त्यांनी कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधानांच्या हस्ते घरांचे हस्तांतरण झाले. मजुरीचा प्रश्न त्याने सुटला नाही हे खरे. पण विखुरलेल्या बायका सरकारला चर्चेला बसवू शकतात, एवढे त्याने सिद्ध झाले.

याला एक आक्षेप नेहमी घेतला जातो. दर वाढवले तर धंदा स्वस्त मजुरीच्या राज्यात जाईल, आणि तंबाखूचा हा धंदा तसाही उतरणीला लागला आहे. आक्षेप निराधार नाही. पण त्याचा पहिला भाग राज्याराज्यांतील मजुरीच्या स्पर्धेविरुद्धचा युक्तिवाद आहे, मजुरांविरुद्धचा नव्हे. ती स्पर्धा थांबवण्यासाठीच वेतन संहितेने केंद्राला राष्ट्रीय तळवेतन ठरवण्याचा अधिकार दिला आहे. आणि धंदा खरोखरच मावळणार असेल, तर त्या बायकांचे पुढे काय, हे त्यांना वगळून ठरवता येणार नाही.

म्हणून मध्य प्रदेश सरकारने विडी उद्योगासाठी स्वतंत्र त्रिपक्षीय समिती नेमावी. संहितेनुसार तिच्यात एक-तृतीयांश स्त्रिया असायला हव्यात. त्या प्रत्यक्ष विडी वळणाऱ्या असाव्यात. सट्टेदाराच्या वहीतील नावे मूळ कारखानदाराच्या पटावर यावीत आणि करारावर सही त्याचीच असावी. आठ तासांत सामान्य हाताने जेवढ्या विड्या वळल्या जातात तेवढ्यांत किमान वेतन मिळेल, असा हजारी दर बांधावा. आणि केंद्राने भारतीय श्रम परिषद पुन्हा भरवावी. जुलै २०१५ च्या ४६ व्या अधिवेशनानंतरची दहा वर्षे परिषदेविनाच गेली.

याची गरज तोफखान्यातल्या कामगारालाही आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्याआधी महासंघांच्या संपाच्या इशाऱ्याला उत्तर मिळाले ते संपबंदीच्या वटहुकुमाचे. सहा दशकांच्या लढ्याने मिळवलेली खुर्चीही एका सहीने डळमळू शकते, हे त्या दिवशी जबलपूरला कळले. ओसरीवर बसलेल्या बाईला हे सांगायची गरज नव्हती. तिला अजून खुर्चीच मिळायची आहे.