एका शब्दाचे मोल

लालबाग, परळ, वरळी, शिवडी, भायखळा हा पट्टा एकेकाळी भोंग्याच्या तालावर जागा होई. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी तेथे केवळ रोजगार मिळवला नाही. भजनी मंडळे, व्यायामशाळा, सार्वजनिक गणेशोत्सव आणि कामगार रंगभूमी यांतून एक समाज उभा केला. आज त्या धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. त्याबद्दल नुसता शोक करण्यात अर्थ नाही. शहर जिवंत असते आणि जिवंत वस्तू बदलतेच. प्रश्न एवढाच की, हा बदल ठरत असताना ज्यांचे ते शहर होते, तो समाज कोठे होता?

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपाने गिरण्या बुडवल्या, हे अर्धसत्य आहे. कालबाह्य यंत्रे आणि यंत्रमागांची स्पर्धा यांनी हा उद्योग आधीच पोखरला होता. तो ढासळल्यावर मागे उरली ती जमीन : ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर, तीही दाटीवाटीच्या महानगराच्या ऐन मध्यभागी. अशी संधी एखाद्या शहराला शतकातून एकदाच मिळते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीची स्थूलमानाने तीन भागांत वाटणी सांगितली. एक भाग उद्याने व सार्वजनिक सोयींसाठी महापालिकेला, एक सामान्यांच्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. तत्त्व न्याय्य होते. १९९६ मध्ये राज्य शासनाने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गिरण्यांच्या जमिनींचा सुटासुटा विचार न करता त्या एकत्र धरून आखणी करावी, रेल्वे स्थानकांभोवती पादचाऱ्यांसाठी मोकळ्या जागा ठेवाव्यात, असा त्या विचाराचा गाभा होता. तो अहवाल कागदावरच राहिला.

पुढे २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि सारा खेळ ‘मोकळी’ या एका शब्दावर आला. वाटणी होणार ती केवळ मोकळ्या जमिनीची. जुने बांधकाम पाडल्यावर रिकामी होणारी जागा त्यात धरायची नाही! गिरणीच्या आवारात शेड, गोदामे आणि चाळी यांनी व्यापलेली जागाच अधिक असल्याने शहराचा वाटा आक्रसून गेला. या दुरुस्तीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जुन्या नियमात मालकाला जमीन विकासासाठी काढण्यात रस नव्हता, गिरण्या कुलूपबंद पडून होत्या आणि कामगारांची देणी थकली होती. हा युक्तिवाद पोकळ नव्हता; परंतु देणी फेडण्यासाठी शहराचा वाटाच सोडून देणे हा एकमेव मार्ग होता, असे कोणी सिद्ध केले नाही.

या दुरुस्तीवर खरी सार्वजनिक चर्चा पेटली ती प्रकरण न्यायालयात गेल्यावर. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने अर्थ लावला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तोवर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या काही गिरण्यांच्या जमिनींचे शेकडो कोटींचे व्यवहारही होऊन गेले होते. नियम संमत होताना समाज गाफील राहिला, तर नंतर न्यायालय त्या नियमाचा अर्थ सांगू शकते. नवा नियम लिहून देऊ शकत नाही.

त्याची किंमत कोणी मोजली? २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या वाढल्या, स्थानकावरची गर्दी वाढली, पूल मात्र पूर्वीइतकाच अरुंद राहिला. घरांसाठी अर्ज केलेल्या दीड लाखांहून अधिक गिरणी कामगारांपैकी व त्यांच्या वारसांपैकी बहुसंख्य वर्षानुवर्षे प्रतीक्षेत राहिले. त्यांच्यापुढे शेलू आणि वांगणी येथील घरांचा पर्याय ठेवला गेला, तेव्हा जुलै २०२५ मध्ये त्यांना आझाद मैदानावर उतरावे लागले. ज्यांच्या घामावर मुंबई उभी राहिली, त्यांनी मुंबईबाहेर जावे, हा न्याय कोणता?

मूळ जागीच पुनर्वसन अशक्य असते, असेही नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच परिसरात नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. विलंब झाला, वाद झाले. पण रहिवासी आपल्या मातीत राहिले. तसेच वेळीच झालेली चर्चा वाया जात नाही, याचाही दाखला मुंबईनेच दिला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा नागरिकांनी त्यातील चुका दाखवत हजारो हरकती नोंदवल्या. दोन-तीन महिन्यांत शासनाला तो मसुदा मागे घेऊन नव्याने तयार करण्याचा आदेश द्यावा लागला.

या दोन अनुभवांतील अंतर हाच धडा आहे. आराखड्याची भाषा रुक्ष असते, नकाशे किचकट असतात आणि हरकतींची मुदत तोकडी असते. म्हणून सुशिक्षित मध्यमवर्ग तिकडे पाठ फिरवतो आणि मनोरा उभा राहिल्यावर हळहळतो. धारावी आणि मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरील जमिनी यांचा प्रश्न समोर आहे. प्रत्येक वस्तीतील चार जाणत्या माणसांनी एकत्र बसून मसुदा वाचला, तो सोप्या मराठीत शेजाऱ्यांना समजावून सांगितला आणि मुदतीत हरकत नोंदवली, तर ते कोणत्याही मोर्चाइतकेच मोलाचे समाजकार्य ठरेल. गिरणगाव एका शब्दामुळे गेले. पुढचा तसा शब्द कोणत्या कलमात दडला आहे, हे वाचल्याशिवाय कळणार नाही.